पुढचं माप नाही

सिस्टर रिबेका आवळे, सांगलीवाडी,
यांच्या डुक्कर फियाटचा अंदाज लिहायला बसलोय
आणि पेन तिसऱ्या ओळीवर अडलंय.

पुरात चार दिवस होती गाडी, बोनेटच्या वर पाणी.
एअर फिल्टरच्या डब्यात बोटाएवढा मासा वाळून बसलेला.
नंतर पाच वर्षं शेडमध्ये,
पिस्टन भिंतींना धरून.
डिझेल ओतून आठवडाभर मुरवलं,
मग लाकडी ठोकळा, मग हातोडा.
चौथा सुटला तेव्हा दस्तगीर म्हणाला,
दाढ उपटल्यागत आवाज झाला की.

बोअर मूळचा अडुसष्ट. भरला एकोणसत्तर.
म्हणजे माझ्याआधी तीनदा तरी कुणी कापलाय.
रिपेर म्हणजे शेवटी हेच:
झिजलेलं गोल करायला
न झिजलेलंही खरवडून काढायचं.
आता या ब्लॉकला पुढचं माप नाही.
स्लीव्ह ठोकायच्या, कुपवाडला, चार,
पिस्टन कोल्हापुरात ओतून घ्यायचे,
गास्केटसाठी पुण्याच्या एका बोहऱ्याला फोन केला
तर तो आधी गाडीचा रंग विचारतो.
क्रँक ग्राइंडिंग. व्हॉल्व्ह. पंपाची गिअर.
एक लाख शेहेचाळीस हजार, माझी मजुरी सोडून.

शंभरफुटीवरचा भंगारवाला अख्खी गाडी बावीसला मागतोय.
हे मी सिस्टरना सांगितलं, सांगायला हवं म्हणून.
त्या म्हणाल्या, माझ्या गुडघ्याला दोन लाख लागले,
तेव्हा मला कुणी विचारलं नाही
बाजारात हा गुडघा कितीला जाईल.

मिरजेच्या डॉक्टरांची ही गाडी, त्यांचे वडील चालवायचे,
डॉक्टर परत जाताना किल्ली हातात देऊन गेले.
तेव्हापासूनच्या सगळ्या पावत्या
सिस्टरनी इंजेक्शनच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात.
त्यातली एक आमच्याच गॅरेजची. एकोणीसशे त्र्याऐंशी.
आण्णांचं अक्षर, वेलांट्या मागे झुकलेल्या:
बिग एंड शेल, नवीन, एक सेट, रु. २४०.
खाली सही. आदगोंडा मिस्त्री.

काल संप उतरवला.
कॅपवर आण्णांच्या पंचाचे ठिपके, एक, दोन, तीन, चार.
शेल जुनेच. फियाटचे, पहिले.
मागे चहाच्या पेटीतला चंदेरी कागद घडी न पडू देता बसवलेला,
कोपरे कात्रीने गोल केलेले.
कोपरे गोल करायची सवय कुणाची होती
हे मला दस्तगीरनं सांगायला नको.

त्या साली माझी शाळेची फी होती. किंवा नव्हती.
मी उगाच कारण शोधतोय.

आण्णा दरवर्षी क्षमावाणीला
देवळातून निघून थेट गिऱ्हाइकांच्या घरी जायचे,
हात जोडून उभे राहायचे.
सिस्टर परवा हसत हसत आठवण काढत होत्या:
तुमचे वडील दारात यायचे, मी म्हणायची,
अहो मिस्त्री, तुम्ही काय केलंय माझं?
ते काही बोलायचे नाहीत. चहा घ्यायचे.
चहाच तेवढा.

गाडी त्या कागदावर छत्तीस वर्षं पळाली.
दोनदा महाबळेश्वर चढली. कुठे टकटक नाही.
याला बनवाबनवी म्हणू की हात म्हणू?

दस्तगीर म्हणतो, फेकू का हे?
म्हटलं, मायक्रोमीटर आण.

पाच शतांश.

तिसरी ओळ लिहिली:
वजा, शेल सेट, त्र्याऐंशी सालचा, रु. २४०.
व्याज किती धरायचं, कळेना.
तेवढी जागा कोरी सोडलीय.
त्या चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचतात,
विचारतीलच.